डेंग्यूला गोळी का नाही?

ताई, गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्याला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात होता, पण सलाईन आणि पॅरासिटामॉल सोडून काही दिलं नाही. माझ्या थोरल्या दिरांना हिपॅटायटिस सी झाला होता, ते मात्र 12 आठवडे गोळ्या घेऊन पूर्ण बरे झाले. दोन्ही विषाणू आरएनएचे, एकाच कुळातले, असं वाचलं. मग एकाला औषध आणि दुसऱ्याला का नाही? डॉक्टरांनी काही हातचं राखलं का?
*– एक वाचक, कळंबा*

नाही हो, काहीही हातचं राखलेलं नाही. ही शंका तुम्ही वर्षभर मनात घेऊन बसलात, म्हणून हे आधी सांगते.

आईचा साज गाठवून घ्यायला मी गुजरीत जाते. पटवेकरी मणी ओवतो, पदक ओवतो, पुन्हा मणी. समजा एखादा मणी दिसायला अगदी तसाच, पण त्याचं पलीकडचं भोक बुजलेलं. सर तिथंच थांबली. हिपॅटायटिस सीवरचं सोफोसबुविर नेमकं हेच करतं. आरएनए म्हणजे चार प्रकारच्या मण्यांची लांब सर. आपल्या पेशी डीएनए वाचून आरएनए बनवतात. आरएनएवरून आरएनए उतरवायचं काम विषाणूचं, आणि त्यासाठी लागणारा पॉलिमरेज हा कारागीर तो स्वतःच्या कृतीने बनवून घेतो. औषध त्या कारागिराच्या हाती खोटा मणी देतं. खऱ्या मण्यातली साखर किंचित बदललेली असते, एका जागी फ्लोरिन आणि मिथिल गट बसवलेले. मणी ओवला जातो, पण पुढचा त्याला जुळत नाही. आपल्या पेशींतले कारागीर हा मणी सहसा उचलत नाहीत, म्हणून तर ते औषध. 2013 च्या डिसेंबरात त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं 48 आठवड्यांपर्यंत सोसावी लागत.

डेंग्यूलाही असाच पॉलिमरेज आहे. म्हणून हिपॅटायटिस सीसाठी बनवलेलं बालापिराविर हे औषध व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या रुग्णांना देऊन पाहिलं. 2013 मध्ये निष्कर्ष आले: रक्तातला विषाणू घटला नाही, तापही लवकर उतरला नाही. कारण पुढच्या संशोधनात दिसलं. असा खोटा मणी पोटात जातो तेव्हा अर्धाच तयार असतो. त्यावर फॉस्फेटचे तीन गट पुरे झाले की मगच तो चालतो, आणि ते काम आपल्याच पेशीला करावं लागतं. डेंग्यूने खवळलेल्या रक्तपेशी हे काम नीट करेनाशा होतात. म्हणजे आजारानेच औषधाची वाट अडवली.

दुसरी अडचण वेळेची, आणि मला तीच मोठी वाटते. हिपॅटायटिस सी यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून रोज प्रती काढत राहतो. त्याचं ओवणं 12 आठवडे बंद पाडलं की तो संपतो. डेंग्यूचा विषाणू तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळस गाठतो. आपण दवाखान्यात पोचतो तोवर तो उतरणीला लागलेला असतो आणि धोका उरतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा. तिथं सलाईन हाच उपचार. तुमच्या मुलाला तोच मिळाला.

ही वेळेची गोष्ट मी घरातच अनुभवली. 2021 च्या कोरोनाच्या लाटेत भावासाठी रेमडेसिविर मिळवायला पुतण्याने आणि मी शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंत मेडिकलचे उंबरे झिजवले. तोही खोटाच मणी, फक्त त्याच्यापुढे आणखी तीन मणी ओवले जातात आणि मग सर अडते. इंजेक्शन मिळालं तेव्हा भावाच्या आजाराचा बारावा दिवस होता. पुढे प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, धोका जास्त असलेल्यांना लक्षणं दिसल्यापासून सात दिवसांच्या आत हेच औषध तीन दिवस दिलं, तेव्हा दवाखान्यात भरती व्हायची जोखीम 87 टक्क्यांनी घटली. भाऊ वाचला, पण श्रेय त्या बाराव्या दिवसाच्या इंजेक्शनला मी देऊ शकत नाही.

पुन्हा कुणाला असा ताप आला तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला की निर्धास्त होऊ नका. त्याच एक-दोन दिवसांत पोट जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक दवाखाना गाठा.

प्रयोगशाळेत विषाणू रोखणारं रसायन माणसाला का चालत नाही?
*– बी.एस्सी.चा विद्यार्थी, कागल*

क्लोरोक्विन बघ. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत त्याने कोरोना विषाणू रोखला, माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत नाही. पहिल्या पेशींत विषाणू आम्लाच्या पिशवीतून शिरतो आणि क्लोरोक्विन ते आम्ल मारतं. फुप्फुसाच्या पेशींत पृष्ठभागावरच्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने तो बाहेरूनच वाट काढतो. म्हणून कुठलाही निकाल वाचताना पेशी कुणाच्या होत्या ते आधी शोध, आणि मग बघ: जेवढ्या मात्रेत विषाणू थांबला, तेवढी मात्रा रक्तात पोचते का, आणि तेवढ्यात पेशीच मरत नाहीत ना.