पाणी किती फूट?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज मी पहाटे पाचला वाचला. ‘बाई, तासगावच्या काकूंचा आजार उलटला. मणक्यात गेलाय म्हणे. माझाही उलटेल का?’ आणि खाली रक्ततपासणीच्या कागदाचा फोटो. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो बाई, हो बाई’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. सातवीतही तशीच होतीस. म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी प्रश्नाचं उत्तर देते. तुझा स्तनाचा कॅन्सर उलटेल, म्हणजे परत येईल, की नाही हे मला सांगता येत नाही, तुझ्या डॉक्टरांनाही नाही. ‘काही होत नाही गं’ असं मी म्हणणार नाही. २०११ साली माझं याच आजाराचं ऑपरेशन झालं तेव्हा हे वाक्य मला घरातल्या प्रत्येकाने ऐकवलं होतं, आणि ते ऐकलं की माझं बोलणंच खुंटायचं. तू घाबरली आहेस, आणि घाबरण्यासारखंच आहे. पुढचं त्यानंतर बोलू.

शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी तुझ्या घरी पेढे आले. आणि तेव्हापासून तुझी झोप गेली, असं तुझा नवरा मला म्हणाला. त्याला वाटतं, सगळं संपल्यावर हिला हे काय झालं? माझंही तसंच झालं होतं. उपचार चालू असतात तेव्हा रोज कुणीतरी आपल्याकडे बघत असतं, आज सुई, उद्या मशीन. मग एक दिवस ‘आता तीन महिन्यांनी या’ म्हणतात आणि आपण एकट्याच दारात उभ्या राहतो. भीती खरी तिथून सुरू होते. बहुतेकींची होते. तुझं डोकं फिरलेलं नाही.

तुझ्या सासूबाई म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस, टेन्शननेच तो परत येतो. मायेपोटी म्हणतात, त्यांना उलटून बोलू नकोस. पण काळजी केल्याने हा आजार परत येतो असं सिद्ध झालेलं नाही. तू रात्री रडलीस म्हणून आत काही वाढत नाही. निदान घाबरल्याचा अपराध तरी डोक्यावर घेऊ नकोस.

आपण सांगलीच्या गावभागातल्या, कृष्णेकाठच्या. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, आमच्या घरात लाईटच्या बटणांपर्यंत चढलं. त्यानंतर दोन वर्षं माझ्या सासूबाई पावसाची सर आली की खिडकीत जाऊन बसायच्या. ‘पाणी किती फूट झालं? कोयना धरणातून किती सोडलं?’ जूनमधल्या पहिल्या पावसालाही तेच. त्यांना समजावून उपयोग नव्हता, कारण पाणी त्यांनी बघितलेलं होतं. शेवटी माझ्या मुलाने भिंतीवर खडूने लिहून ठेवलं : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. रोज सकाळी एकदा आकडा विचारायचा आणि त्याच्यापुढे लिहायचा. भीती गेली नाही, पण खिडकीतलं बसणं कमी झालं. पाणी पंधरा फुटांवर असताना कपाटं माळ्यावर चढवायची नाहीत, हे त्यांचं त्यांनाच पटलं.

तू सध्या दिवसातून चार वेळा न्हाणीघरात जाऊन टाके दाबून बघतेस ना? मीही बघायची. दाबून दाबून कातडी लाल व्हायची, दुखायला लागायची, आणि दुखतंय म्हणून मी पुन्हा दाबायची. ऑपरेशन आणि रेडिएशन झालेली जागा आत घट्ट, गाठाळ लागतेच. कधी तिथली चरबी मरून कडक गोळाही होतो, तो कॅन्सर नसतो, पण तो डॉक्टरांच्या हाताला आणि मशीनला ठरवू दे. तू महिन्यातून एकदा, पाळीनंतर, सावकाश हात फिरव. पाळी बंद असेल तर एक तारीख ठरव. बगलेत, दंडाच्या आतून चमक मारते, मुंग्या येतात, बधिर वाटतं, ते बगलेतल्या गाठी काढताना मज्जातंतू दुखावतात त्याचं आहे. मला अजून थंडीत चमक मारते.

मग तुझा खडूचा आकडा कोणता? टाक्यांवर, बगलेत, मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर नवी गाठ लागली, तर वाट न बघता दाखवायचं. हाडाचं एकाच जागचं दुखणं विश्रांतीनेही कमी होत नाही, रात्री वाढतं, दोन आठवडे झाले तरी जात नाही, हेही दाखवायचं. तसाच न जाणारा कोरडा खोकला, दम, पूर्वी कधी नव्हती अशी सततची डोकेदुखी, कारण नसताना घटणारं वजन, डोळ्यांना पिवळेपणा. आणि तू टॅमॉक्सिफेन, ती हार्मोन अडवणारी गोळी, घेतेस, तर पाळीव्यतिरिक्त रक्त गेलं तर लगेच सांगायचं. हात सुजला तरी सांगायचं. बाकी सगळ्या दुखण्यांना दोन आठवडे दे. तारीख वहीत लिही आणि वही मिट. बहुतेक दुखणी चौदा दिवसांच्या आत आपली आपण निघून जातात.

पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर हाताने तपासतील, आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. ती चुकवू नकोस, कारण त्याच स्तनात किंवा दुसऱ्यात काही नव्याने आलं आणि लवकर सापडलं, तर ते पुरतं काढता येतं.

आणि तो रक्ताचा कागद. सीए १५-३, ती कॅन्सरच्या खुणा शोधणारी रक्ततपासणी, तुला डॉक्टरांनी करायला सांगितली होती का? मला माहीत आहे, नाही. तू स्वतः जाऊन केलीस. मीही दोन वर्षं दर तीन महिन्यांनी करत होते. एकदा आकडा १८ वरून २४ झाला. नॉर्मलच्या आत होता तरी मी आठ दिवस जेवले नाही, मुलीच्या नावाने दागिन्यांची यादी केली, कुठलं तिला, कुठलं सुनेला. एका ठिकाणी तर माझी भीती बघून सबंध शरीराच्या स्कॅनचं पॅकेज गळ्यात मारलं, आणि पंचवीस हजार गेले. माझ्या डॉक्टरांनी ते कागद बाजूला ठेवून एकच विचारलं : हे तुम्हाला कुणी सांगितलं? मग त्यांनी जे समजावलं ते तुलाही कळायला हवं. काहीच त्रास नसलेल्या बाईच्या सारख्या हाडांच्या, छातीच्या, लिव्हरच्या तपासण्या केल्या तर ती जास्त जगते का, हे इटलीत तपासून बघितलं होतं. त्यांतल्या एका अभ्यासात १,३२० बायका होत्या, १९९४ साली निकाल छापून आला. आयुष्य वाढलं नाही. दूर पसरलेला आजार थोडा आधी कळून हाती काही जास्त लागलं नाही, मधले महिने मात्र धास्तीत जातात. ऐकायला कठोर आहे. मला मात्र ते ऐकून त्या रात्री झोप लागली.

त्यापेक्षा गोळीकडे लक्ष दे. तुझा रिपोर्ट ईआर-पीआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे तुझा आजार बायकांच्या हार्मोनवर वाढणारा आहे. या प्रकारात धोका पाच वर्षांनी एकदम संपत नाही, थोडा थोडा लांबवर राहतो, म्हणून गोळी पाच ते दहा वर्षं असते. पाच वर्षं नीट घेतली तर पंधरा वर्षांतला या आजाराने मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. इतकं देणारं दुसरं काही तुझ्या घरात नाही. तरी कितीजणी अंगातून निघणाऱ्या गरम वाफांना आणि सांधेदुखीला कंटाळून कुणालाही न सांगता सोडून देतात. त्रास झाला तर डॉक्टरांशी भांड, गोळीशी नको. आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल चालू केल्या असशील तर आजच बंद कर. सांगलीत राहून मी हळदीविरुद्ध कशी बोलेन? भाजीत, दुधात घाल खुशाल. पण अर्काच्या कॅप्सूल, त्यातही मिरीच्या अर्कासोबत घेतल्या, तर रक्तातला टॅमॉक्सिफेनचा कामाचा अंश कमी होतो, असं नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे.

रोज अर्धा तास झपझप चाल. ते तुझ्या वजनासाठी, हाडांसाठी, झोपेसाठी. याहून जास्त लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

आता काकूंचं. हे लिहायला मला जड जातंय.

माझ्या शेजारच्या खाटेवर कवठेमहांकाळची एक बाई होती. केमोनंतर तोंडाला लोखंडाची चव यायची, काही गिळवायचं नाही. ती पदराच्या गाठीतून घरचे बेदाणे काढायची, मोजून अकरा माझ्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, ‘एकेक चघळ, गिळू नको.’ सहा केमो आम्ही अशा काढल्या. अडीच वर्षांनी तिचा आजार उलटला. तिने मला तीन वेळा फोन केला. पहिला घेतला, पुढचे दोन घेतले नाहीत. तिच्या आवाजात मला माझंच भविष्य ऐकू यायचं. ती गेल्याचं मला चार महिन्यांनी, दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं. तिचा आजार ट्रिपल निगेटिव्ह होता, म्हणजे हार्मोनची गोळी लागू न पडणारा, माझ्याहून वेगळा, पहिल्या तीन वर्षांत जास्त अवघड असणारा. तिचं झालं म्हणून माझं होणार, असा काही हिशोबच नव्हता. हे मी तेव्हा विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही, नुसती पळाले. त्या दोन फोनांचं मला अजून वाईट वाटतं, चौदा वर्षांतल्या आजाराचं नाही वाटत इतकं.

काकूंच्या रिपोर्टमध्ये काय आहे आणि तुझ्यात काय, हे डॉक्टरांना सरळ विचार. आणि मणक्यात गेला म्हणजे लगेच सगळं संपलं असंही नसतं. हाडांत गेलेल्या आजारावर औषधं आहेत, वर्षानुवर्षं संसार करणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत.

रात्रीचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी साडेपाचला, मुलगी खेळायला गेली की वही घेऊन बस आणि वीस मिनिटं हवी तेवढी भीती लिही. रात्री आली तर तिला म्हण, उद्या साडेपाचला. पहिल्या आठवड्यात जमत नाही. महिना दे. तरी झोप आली नाही, स्वयंपाकात, मुलीत जीव रमेना, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जाऊ, त्यात लाज नाही, मीही गेले होते. फक्त टॅमॉक्सिफेन चालू आहे हे त्यांना आधी सांग, नैराश्यावरच्या काही गोळ्या, पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन, तिच्या आड येतात. दुसऱ्या गोळ्या असतात.

गुरुवारी तुझी तपासणी आहे. मिरजेला मी बरोबर येते. नऊला मारुती चौकात थांब, फाईल घे, आणि एका कागदावर प्रश्न लिहून आण, तीनच. दुपारी तिथून तासगावची एसटी धरू. काकूंना आज फोन कर आणि विचार, काय खावंसं वाटतंय, ते घेऊन येतो म्हणून सांग.

तुझ्या
बाई