आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन गोव्यात चार रात्री

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून सहा माणसं, त्यांत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि चार व नऊ वर्षांची मुलं, जानेवारीत चार रात्री; उत्तर गोवा घ्यावा की दक्षिण, आणि कुलदैवत मंगेशीचं दर्शन कोणत्या दिवशी बसवावं.

दक्षिण घ्या. मडगावजवळच्या बाणावली किंवा वार्का इथे राहा आणि चारही रात्री एकाच जागी काढा. दोन रात्री उत्तरेत कळंगुटला, दोन दक्षिणेत कोलव्याला असा बेत केला तर मधला अख्खा दिवस बॅगा भरण्यात आणि खोली मिळायची वाट बघण्यात जातो, आणि त्यात सगळ्यात आधी म्हातारी माणसं दमतात. कळंगुट-बागा भागात संध्याकाळी गाड्या तुंबतात आणि आवाज रात्री उशिरापर्यंत चालतो. हॉटेल ठरवताना फोन करून तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का किंवा लिफ्ट आहे का, किनाऱ्यापर्यंत चालत किती मिनिटं लागतात, आणि वाटेत मऊ वाळू किती तुडवावी लागते. गुडघे दुखणाऱ्याला कोरड्या वाळूतली शंभर पावलंही जड जातात.

पुण्याहून गोवा एक्सप्रेस मडगावला पहाटेच सोडते, खोली मात्र दुपारी बाराच्या आसपास मिळते. म्हणून लवकर चेक-इन आधीच बोलून ठेवा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आई-वडिलांना खालचे बर्थ हवेत म्हणून त्याच दिवशी करा. विमानाने येणार असाल तर तिकिटावर दाबोळी विमानतळ आहे की मोपा, हे नीट पाहा. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे उत्तरेच्या टोकाला आहे. तिथून बाणावलीला यायला दोन तास धरा. दाबोळीहून तासाभराच्या आत पोचाल.

गाडीचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. सात आसनी गाडीत तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन बॅगा मावतात. त्यामुळे येण्या-जाण्याच्या दिवशी दोन टॅक्सी करा आणि फिरायच्या दिवसांसाठीच मोठी गाडी घ्या. स्वतः चालवायला भाड्याने घेणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे. पोलिसांनी अडवलं तर दिवस वाया जातो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचे ओरखडे आणि पेट्रोलचा काटा यांचा व्हिडिओ मालकासमोरच काढा. ओला-उबरवर विसंबू नका. इथे गोवामाइल्स हे ॲप चालतं, नाहीतर ठरवून टॅक्सी.

मंगेशी दुसऱ्या दिवशी ठेवा. मडगावहून बोरीमार्गे फोंडा वीसेक किलोमीटर, मंगेशी त्याच्याही पुढे. साडेसातला निघालात तर ऊन चढायच्या आत दर्शन होतं. सोमवारी पालखी असते. ती पाहायची असेल तर सोमवार मुद्दाम धरा, नाहीतर गर्दीमुळे टाळा. अभिषेक करायचा असेल तर देवस्थानात आदल्या दिवशी चौकशी करा. हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलालाही पूर्ण पँट घाला. म्हार्दोळची म्हाळसा आणि कवळ्याची शांतादुर्गा याच फेरीत होतात. आणखी देवळं जोडू नका, आजोबा गाडीतून उतरायचे थांबतील.

मुलांसाठी समुद्र सकाळी. दुपारनंतर वारा समुद्राकडून वाढतो आणि लाटा उंचावतात. बाणावलीची वाळू खेळायला छान, पण लाट काठाजवळ फुटते. चार वर्षांच्या मुलाला कंबरभर पाण्यातसुद्धा हात धरूनच ठेवा. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, लाल झेंडा असेल तर पाय ओले करण्यापलीकडे जाऊ नका. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा गडद आणि शांत दिसतो. माणसं नेमकी तिथेच शिरतात, कारण तो सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात तिथूनच पाणी खोल समुद्राकडे ओढून नेतं. ओढ लागलीच तर काठाकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यावं. मुलांना निवांत डुंबायचं असेल तर एक दिवस पाळोळ्याच्या किनाऱ्याला द्या. तो अर्धचंद्राकृती आणि उथळ आहे, मडगावहून साधारण चाळीस किलोमीटर.

उरलेल्या दिवशी सकाळी जुने गोवे, मग पणजीत जेवण आणि चार वाजल्यानंतर फोंतेन्हास ही पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. रविवार टाळा, सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते. फोंतेन्हासमध्ये लोक राहतात, म्हणून दारात उभं राहून फोटो काढू नयेत. संध्याकाळी मांडवीवरच्या बोटसहलीत कर्कश गाणी वाजतात. त्यापेक्षा पणजीहून नदीपलीकडच्या बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसा, मुलं खूश होतात.

दूधसागर धबधबा या खेपेला सोडा. कुळेहून जीप दगडगोट्यांतून जाते आणि शेवटचा टप्पा खडकांवरून चालायचा असतो.

जेवणात मासळीची थाळी दुपारीच घ्या, तीननंतर बऱ्याच ठिकाणी संपते. मेनूवर दराच्या जागी ‘आजचा भाव’ लिहिलेलं असेल तर तो किलोचा आहे की अख्ख्या माशाचा, हे ऑर्डर देण्याआधी विचारा आणि मासा वजन करून दाखवायला सांगा.