वाचकांचे प्रश्न : उलट येणारे पाणी आणि रबरी झडप

प्रश्न : सोलापुरात सखल भागात आमचे घर आहे. जोराच्या पावसात गटाराचे पाणी अंगणातल्या चेंबरमधून वर येते. लोखंडी झडप गंजून अडकते. रबरी चालेल का?

उत्तर : अवश्य चालेल. चोचीच्या आकाराच्या रबरी झडपेला बिजागरी नसल्यामुळे गंजण्याचा प्रश्नच येत नाही. आतल्या पाण्याच्या थोड्याशा दाबाने तिचे ओठ उघडतात आणि बाहेरचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने घट्ट मिटतात. सांडपाण्यात तेल असल्यास ईपीडीएम नावाचे रबर फुगते, तेथे तेलात टिकणारे नायट्राइल रबर घ्यावे. बसवण्यापूर्वी झडप पाइपच्या तुकड्यावर आवळून, चोच खाली करून भरल्या पिंपात बुडवावी आणि पाइपात वरून पाहावे. किंचित पाझर चालेल, धार नको. ओठांत अडकलेला खडा मात्र पावसाळ्यापूर्वी काढायलाच हवा.