गोळी मोफत, पण केंद्रापर्यंत जाण्याचे काय?

“औषध मोफत आहे हो, पण ते आणायला जाणे परवडत नाही,” असे एचआयव्हीचे उपचार घेणारे अनेक जण सांगतात, आणि बहुतेकदा ते सांगेपर्यंत त्यांनी आपल्यापुरता मार्गही काढलेला असतो.

रोजंदारीवर काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या बाबतीत तो मार्ग गोळ्या मोजताना उघड झाला, कारण महिनाअखेरीस रिकामी व्हायला हवी होती ती तीस गोळ्यांची बाटली निम्मी भरलेली होती. औषधे मिळतात त्या केंद्रात यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, वर प्रवासखर्च आणि मुकादमाला द्यायची नवी सबब. म्हणून ते एक दिवसाआड गोळी घेत होते. मात्र सीडी-४ची, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशींच्या संख्येची तपासणी ते दर तीन महिन्यांनी पदरचे पैसे मोडून बाहेर करून घेत, आणि “आकडा चांगला आहे, मॅडम,” असे समाधानाने सांगत.

उपदेशाऐवजी मी आधी हिशेब मांडला. गोळ्यांत खंड पडला की रक्तातले औषधाचे प्रमाण घटते, विषाणू पुन्हा वाढू लागतो, आणि त्या अपुऱ्या औषधाला दाद न देणारे विषाणू टिकून राहिले तर दुसऱ्या फळीची, सहसा अधिक महाग औषधे घ्यावी लागतात. शिवाय सीडी-४ प्रतिकारशक्तीचा अंदाज देतो. औषध काम करते आहे की नाही, हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, सांगतो, आणि उपचार स्थिरावल्यावर तो साधारणपणे वर्षातून एकदा तपासला तरी पुरतो. थोडक्यात, ते नको तिथे खर्च करत होते आणि नको तिथे बचत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रकृती स्थिर असलेल्यांना एका वेळी तीन ते सहा महिन्यांची औषधे देता येतात, हे त्यांना ठाऊकच नव्हते. (विचारल्याशिवाय हे सांगितले जात नाही, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि ती मला रास्त वाटते.) पण त्यांचा व्हायरल लोड वाढलेला निघाल्यामुळे ती सवलत लगेच मिळणार नव्हती, रोज गोळी घेऊन तीन महिन्यांनी फेरतपासणी करायची होती. तोवरच्या तारखा आम्ही त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवल्या आणि कामाच्या ठिकाणाजवळच्या केंद्रात नोंद हलवण्यासाठी अर्ज भरला. फेरतपासणीत विषाणू नियंत्रणात आल्याचे दिसले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो एकदम तीन महिन्यांच्या बाटल्या कधी मिळतील, हाच.