‘टूल’ : ज्याच्या योगाने काम होते ते

प्रश्न : आमच्या कार्यशाळेत लेथ या यंत्रावर धातू कापणाऱ्या तुकड्याला ‘टूल’ म्हणतात, संगणकावर चित्र रंगवण्याच्या सोयीलाही ‘टूल’ म्हणतात. इतक्या वेगळ्या वस्तूंना एकच नाव कसे? या शब्दाचा मूळ अर्थ कोणता आणि तो आला कुठून?

उत्तर : हा शब्द इंग्रजीने लॅटिन किंवा फ्रेंचकडून उसना घेतलेला नाही; तो तिचा स्वतःचा, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरे भाषा ज्यात मोडतात त्या जर्मानिक घराण्यातला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप दीर्घ ओकाराचे ‘तोल’ असे होते आणि स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतही तसाच शब्द आढळतो. त्याच्या मुळाशी ‘करणे, तयार करणे’ या अर्थाचा धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप, आहे. चौथ्या शतकातल्या गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतले ‘करणे’ या अर्थाचे ‘ताउयन’ हे क्रियापद त्याच धातूचे, आणि तुरटी व मीठ लावून कातडे कमावण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘टॉ’ म्हणतात, तेही त्याच कुळातले.

या धातूला जोडलेला ‘ल’ हा प्रत्यय विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण तो साधन दाखवतो. ‘स्पिन’ म्हणजे सूत कातणे, आणि ज्यावर सूत काततात ती चाती म्हणजे ‘स्पिंडल’. ‘शव्ह’ म्हणजे ढकलणे, आणि ज्याने माती लोटतात ते ‘शॉव्हेल’. त्याच रीतीने, ज्याच्या योगाने काही घडवले जाते ते ‘टूल’. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात करण, म्हणजे क्रियेचे साधन, दाखवणारे प्रत्यय सांगितले आहेत. त्यांनुसार ‘खन्’पासून ‘खनित्र’ म्हणजे खणण्याचे अवजार होते, ‘लू’पासून ‘लवित्र’ म्हणजे विळा, आणि ‘शस्’पासून ‘शस्त्र’. इंग्रजीतला ‘ल’ आणि संस्कृतातले हे प्रत्यय मात्र एकच आहेत असे समजू नये. दोन्ही भाषांनी एकच काम वेगवेगळ्या प्रत्ययांकडून करून घेतले आहे. सख्खे नाते पाहायचे असेल तर संस्कृत ‘अरित्र’ (वल्हे) आणि इंग्रजी ‘रडर’ (सुकाणू) या जोडीकडे पाहावे. तुलनात्मक भाषाशास्त्रानुसार हे दोन्ही शब्द वल्हवण्याच्या एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत, आणि ‘रडर’चा जुना अर्थही नाव वळवण्याचे वल्हे असाच होता.

आपला घोटाळा होतो तो ‘टूल’ म्हणताच हातोडी आणि करवत डोळ्यांपुढे येतात म्हणून. वस्तू लोखंडाची असावी की लाकडाची, हातात धरायची की यंत्रात बसवायची, हे त्या शब्दाने कधीच ठरवलेले नव्हते. लेथ हे अख्खे यंत्र असले तरी प्रत्यक्ष कापण्याचे काम करणारा भाग तो तुकडा, म्हणून कारागीर त्यालाच ‘टूल’ म्हणतो आणि ते ज्यात पकडले जाते त्याला ‘टूल पोस्ट’ म्हणतो. 1970च्या दशकात युनिक्स या संगणक प्रणालीवर काम करणाऱ्यांनी एकच काम नेमके करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना ‘टूल’ म्हणण्याची सवय लावली, तेव्हा त्यांनी शब्द ताणला असे मला वाटत नाही. त्यांनी तो त्याच्या मूळ अर्थाने वापरला.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे तलवार किंवा लढाईचे शस्त्र. मराठीत ‘हत्यार’ सुताराचेही असते आणि सैनिकाचेही, तसेच हे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये वेदीच्या दगडावर ‘टूल’ उगारू नये अशी आज्ञा आहे. तेथे मूळ हिब्रूत जो शब्द आहे, त्याचा नेहमीचा अर्थ तलवार असाच होतो.

प्रश्न : एखाद्या माणसाला ‘टूल’ म्हणणे अपमानाचे का मानतात?

उत्तर : साधनाला स्वतःची इच्छा नसते, ते धरणाऱ्याच्या मनाप्रमाणे चालते. दुसऱ्याच्या हेतूसाठी वापरला जाणारा माणूस, म्हणजे आपण ज्याला कोणाच्या तरी हातचे बाहुले म्हणतो तो, या अर्थाने हा शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत आढळतो. पुरुषाच्या जननेंद्रियासाठी त्याचा ग्राम्य वापर त्याहून जुना, सोळाव्या शतकातला आहे. आजच्या बोलीतली शिवी या दोन्ही अर्थांच्या छायेत उभी असल्याने परक्या भाषेत बोलताना कोणाला उद्देशून हा शब्द न वापरणे बरे.

प्रश्न : मग ‘टूल’, ‘इन्स्ट्रुमेंट’ आणि ‘इम्प्लिमेंट’ यांत फरक कोणता?

उत्तर : पहिला शब्द देशी आहे, उरलेले दोन लॅटिनमधून आलेले आहेत. ‘इन्स्ट्रुमेंट’च्या मुळाशी रचणे, सज्ज करणे हा अर्थ आहे, तर ‘इम्प्लिमेंट’च्या मुळाशी भरणे, पूर्ण करणे हा आहे, कायदा किंवा योजना अमलात आणण्यासाठी तोच शब्द क्रियापद म्हणून चालतो, तो या ‘पूर्ण करण्या’मुळेच. वापरात मात्र शब्दांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली आहेत. शल्यविशारद, वादक आणि मोजमाप करणारा शास्त्रज्ञ यांच्या हाती ‘इन्स्ट्रुमेंट’ असते, शेतीच्या अवजारांना बहुधा ‘इम्प्लिमेंट’ म्हणतात, आणि सुतार, गवंडी, फिटर यांच्या पेटीत असतात ती ‘टूल्स’.