तीन हजारांत कॉम्प्युटरचा आवाज सुधारायचाय, साउंड कार्ड घेऊ की नवे स्पीकर?

आत्ता दोन्ही घेऊ नका. आधी दोष नेमका कुठं आहे ते शोधू, पैसे पळून जात नाहीत.

तुम्ही लिहिलंय की घर खानापूर तालुक्यात, जुना असेंबल केलेला डेस्कटॉप, त्याला टू-पॉइंट-वन स्पीकर, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि बासचा एक मोठा सबवूफर. तुम्हाला शास्त्रीय गाण्याची आवड, वडिलांना भजनं. पण स्पीकरमधून सतत काहीतरी आवाज येतो, मोठा केला की गाणं फाटतं, हेडफोन लावूनही समाधान नाही, आणि दुकानदारानं साउंड कार्ड बसवायला सांगितलंय. मी बेळगावात शहापूरला राहतो, भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करतो. त्यामुळे या खरखरीशी माझी रोजची गाठ आहे. साउंड कार्डावर पैसे घालायचा सल्ला मला पटत नाही. मदरबोर्डवरची साउंड चिप लोक समजतात तेवढी वाईट नसते. सीडीचा आवाज १६ बिटचा, म्हणजे सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत बारीक आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर. वर पंखा गरगरत असलेल्या खोलीत त्यातलं बरंचसं आपल्या कानापर्यंत पोचतच नाही. आवाज बिघडतो तो वायर, अर्थिंग, सेटिंग आणि खोली यांत.

गाणं बंद करा, स्पीकरचा नॉब नेहमीच्या जागी ठेवा आणि नुसता कान द्या.

माउस हलवला किंवा पान वरखाली केलं की किरकिर बदलते का? बदलत असेल तर तो कॅबिनेटच्या आतला गोंधळ. समोरच्या जॅकची बारीक वायर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि इतर भागांच्या शेजारून फिरून येते आणि वाटेतला सगळा कचरा गोळा करते. पिन काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. बऱ्याच वेळा काम इथंच होतं, फुकटात. मागंही किरकिर राहिलीच तर मात्र यूएसबीवर चालणारा छोटा डीएसी (डिजिटल गाण्याचा ऐकू येणारा आवाज करणारं यंत्र) घ्यावा, कारण मग आवाज मदरबोर्डच्या बाहेर तयार होतो. ॲपलचा टाइप-सी टू हेडफोन डोंगल हजाराच्या आसपास मिळतो आणि त्या पैशात त्याचा आवाज फार स्वच्छ आहे. विंडोजवर सरळ चालतो. तुमच्या डेस्कटॉपला टाइप-सी नसेल तर साध्या यूएसबीचा कन्व्हर्टर लागेल.

माउसशी काही संबंध नाही, नुसती एकसुरी घूं चाललीय? ती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. कॉम्प्युटरकडची पिन काढून ठेवण्यात अर्थ नाही, उघडी पिन आणखीच घुमते. स्पीकरच्या मागची ऑडिओ वायर काढून बघा. घूं थांबली तर स्पीकर ठीक आहेत, भानगड अर्थिंगची आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावल्यावर दिवा लागत असेल तर घराला अर्थिंग नाही किंवा मेलंय. हे आवाजापेक्षा जिवाचं काम आहे, वायरमनला बोलवाच. आपल्याकडच्या तांबड्या मातीत मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात पार कोरडा पडतो आणि कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. मार्च-एप्रिलपासून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. अर्थिंग चांगलं असूनही घूं येत असेल तर कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन्ही विजेच्या एकाच बोर्डवर घ्या. एवढं करूनही राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून तीन-चारशे रुपयांची डबी मिळते, ती वायरीच्या मध्ये लावायची. स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर बास थोडा पातळ करतो, म्हणून ती शेवटी. प्लगची तिसरी पिन तोडायचा ‘उपाय’ कुणी सांगितला तर त्याचं ऐकू नका.

तिसरा प्रकार म्हणजे बारीक सूं. बहुतेक घरांत कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम ३० वर आणि स्पीकरचा नॉब शेवटपर्यंत असतो. ॲम्प्लिफायर गाण्याबरोबर ती सूंही वाढवतो. उलटं करा: कॉम्प्युटर ८०-९० वर आणि आवाज नॉबवर.

आता फाटण्याचं. व्हीएलसीमध्ये व्हॉल्यूम १०० च्या वर जातो आणि तिथंच गाणं चिरायला लागतं, तेव्हा १०० वर थांबा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. दुकानदार मशिन देतानाच कधीकधी बास बूस्ट, व्हर्च्युअल सराउंड असलं सगळं चालू करून देतात. तिथंच कम्युनिकेशन्स टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा, नाहीतर कॉल आला की बाकीचा आवाज ८० टक्के खाली जातो आणि आपल्याला वाटतं स्पीकर गेला.

सबवूफरवर मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण गाण्याचं सगळ्यांत जास्त नुकसान तिथं होतं. मिरवणुकीतल्या डॉल्बीनं आपल्या कानांना सवय लावलीय: छाती हादरली की बास चांगला. ख्याल ऐकताना तोच बास गाणं बुडवतो. सबचा नॉब पूर्ण खाली करा. तबल्याची साथ असलेलं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि डग्ग्यावर लक्ष ठेवा. नॉब हळूहळू वाढवत न्या. मनगटानं दाबून काढलेली घुमक, तिचा खालून वर सरकणारा स्वर ओळखू यायला लागला की थांबा. त्यापुढं गेलात की डग्गा टेबलाखालून वाजायला लागतो आणि प्रत्येक बोल एकाच सुरात धप्प-धप्प येतो. सबची जागा शोधायचीही युक्ती आहे. तो तुमच्या खुर्चीवर ठेवा, गाणं लावा आणि तुम्ही भिंतीकडेनं जमिनीवर बसत बसत फिरा. जिथं बास सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथं सब ठेवायचा. कोपऱ्यात सहसा तो नुसता घुमतो.

छोटे स्पीकर कानाच्या उंचीला आणा, खाली दोन जाड पुस्तकं किंवा वीट चालेल. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. मग एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीचा, त्यांचं किंवा मल्लिकार्जुन मन्सूरांचं जुनं काहीही चालेल. मोनोमध्ये गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहायला पाहिजे. तो एका बाजूला ओढला जात असेल तर स्पीकर मागं-पुढं आहेत किंवा बॅलन्स सरकलाय. त्या रेकॉर्डिंगमधली सरसर मात्र तशीच ऐका, ती मूळ ध्वनिमुद्रणातली आहे. ती काढायला गेलात तर तंबोऱ्याचा जिवंतपणाही जातो, हे मी रोज एडिटिंग करताना बघतो.

खोलीत एक टाळी वाजवा. टण्ण असा आवाज मागं राहिला तर गिलाव्याची भिंत आणि खालची फरशी आवाज परतवतायत. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर जाड वाकळ टांगा, पायाखाली सतरंजी टाका. शब्द लगेच सुटे होतात. या एका वाकळीइतका फरक हजार रुपयांच्या वायरीनं पडलेला मी कधी ऐकला नाही.

पावसाळ्यात खानापूरकडचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की स्पीकरची लढाई सोडून द्यायची आणि हेडफोन घ्यायचा. तुमचे पैसे इथं लावा असं मी सांगेन. वायरवाले इन-इयर, म्हणजे कानाच्या आत बसणारे इयरफोन घ्या. मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हनहर्ट्झ झीरो यांसारखे दोन हजारांच्या आसपास मिळतात आणि त्या किमतीत गळ्याचा पोत फार सुंदर दाखवतात. सोबतचे रबरी टिप्स तिन्ही मापांत लावून बघा. टिप कानात नीट बसली नाही की बास गळून जातो आणि माणूस इयरफोनला नावं ठेवतो. बाहेरचा आवाज आधीच अडत असल्यानं व्हॉल्यूमही कमी लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगितलीय, रोज ऐकणाऱ्यानं ती लक्षात ठेवलेली बरी.

ब्लूटूथ हेडसेट वापरत असाल तर एक गोष्ट तपासा. मीटिंगसाठी त्याचा माइक चालू झाला की अनेक हेडसेट साध्या फोनच्या मोडमध्ये जातात, आवाज मोनो आणि बोदा होतो. विंडोजमध्ये माइक म्हणून दुसरा कुठला तरी निवडा, गाण्याचा आवाज पुन्हा पूर्ण येतो.

हेडफोन आल्यावर इक्वलायझर एपीओ हे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका. ऑटोइक्यू या वेबसाइटवर हजारो हेडफोनची तयार सेटिंगं आहेत, आपलं मॉडेल शोधून भरायचं. एखादी पट्टी ६ डेसिबलनं वर उचलली असेल तर त्याच सॉफ्टवेअरमधला प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाज, उणे ६ करायला विसरू नका, नाहीतर फाटणं पुन्हा सुरू.

डीएसी घ्यावा लागला नाही तर हे सगळं करूनही हजारेक रुपये उरतील. ते आत्ता खर्चू नका. घरात किंवा नातेवाइकांकडे जुनी म्युझिक सिस्टीम अडगळीत पडलीय का बघा, मागं ऑक्स लिहिलेलं सॉकेट असलं की झालं. दीड-दोनशेची वायर घेऊन कॉम्प्युटरला जोडा. तिच्या स्पीकरची लाकडी पेटी आणि मोठा कोन (थरथरून आवाज काढणारा पडदा) आजच्या प्लॅस्टिकच्या टू-पॉइंट-वनपेक्षा गळा जास्त खरा ऐकवतो. नॉब फिरवताना खरखरला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चालतो. कोनाच्या कडेचा फोम दमट हवेनं कुजला असला तर रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे तो बदलून देतात. फक्त कॉइल जळलेली नाही ना, ते आधी तपासून घ्या.

माउस हलवल्यावर आवाज बदलतो की एकसुरी घूं आहे, तेवढं आधी बघून कमेंटमध्ये लिहा. म्हणजे पुढचं तुमच्या मशिनपुरतं सांगता येईल.