काक्षी फुटणार होता त्याचं काय झालं?

प्रश्न : 2019 च्या शेवटी मृग नक्षत्रातला तांबडा तारा काक्षी (इंग्रजीत बीटलज्यूस) एकदम फिका पडला होता, तेव्हा 'आता स्फोट होणार' अशा बातम्या आल्या आणि झालं काहीच नाही. मग नक्की काय झालं होतं? आणि मोठ्या ताऱ्यात इंधन जास्त तरी तो लवकर कसा संपतो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो कारण तो सोपा आहे. सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा म्हणजे पगार वीसपट पण खर्च पन्नास हजारपट, मग पुरणार किती? सूर्याला साधारण 1000 कोटी वर्षं मिळतात, याला जेमतेम कोटभर.

आता काक्षी. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याचा प्रकाश नेहमीच्या निम्म्याहून कमी झाला आणि एप्रिलपर्यंत गडी परत पहिल्यासारखा. हबल आणि चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून असं दिसतं की ताऱ्याने वायूचा एक मोठा लोट बाहेर फेकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या बाजूला आडवी आली. स्फोटाशी याचा काही संबंध नाही, बातम्यावाल्यांनी उगाच हवा केली. बहुतेक अभ्यासकांच्या हिशोबाने अजून लाखभर वर्षं तरी आहेत.

पण हे वस्तुमान फेकणं ही मोठ्या ताऱ्यांची नेहमीचीच गोष्ट आहे, आणि मला विचाराल तर स्फोटापेक्षा हेच जास्त इंटरेस्टिंग. तापलेल्या निळ्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश इतका जबरदस्त असतो की तो बाहेरच्या थरातल्या लोह, कार्बन, नायट्रोजनच्या अणूंना ढकलतो, ते बाकीच्या वायूलाही सोबत ओढतात आणि सेकंदाला 2000 किमीच्या आसपास वेगाने वारा सुटतो. काही तर अचानक उसळतात, एटा कॅरिनी 1843 मध्ये काही काळ आकाशातला दोन नंबरचा तेजस्वी तारा झाला होता, त्या उद्रेकात त्याने दहा सूर्यांइतका तरी माल फेकला आणि तरीही तो शाबूत आहे.

आणि जोडीदार तारा असेल तर तोही बाहेरचा वायू ओढून घेतो. मार्चच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य शोधा, त्याच्या डावीकडे जरा वर गॅमा व्हेलोरम नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दिसायला एक पण आत जोडी आहे, एक साधारण 28 सूर्यांइतका जड आणि दुसरा फक्त 9 चा. गंमत म्हणजे आज हलका असलेला तारा जन्माला आला तेव्हा जड होता! त्याचं बाहेरचं हायड्रोजनचं आवरण पार निघून गेलंय आणि आतला उघडा हेलियमचा भाग उरलाय, अशांना वुल्फ-रायेट तारे म्हणतात. असा तारा फुटला तर त्या प्रकाशाच्या वर्णपटात (प्रकाशातले रंग वेगळे केल्यावर दिसणारा पट्टा) हायड्रोजनच्या खुणेच्या रेषा दिसणार नाहीत. काक्षीकडे मात्र अजून बराच हायड्रोजन शिल्लक आहे, त्यामुळे तो फुटेल तेव्हा त्या ठळक दिसतील.